आज्जी, डोळे मिचकवा

नोव्हेंबर लागला की माझ्या दुकानात म्हातारी माणसं जिवंत व्हायला येतात.

दुकान म्हणजे झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म. सांगलीत, मारुती चौकापासून चालत पाच मिनिटं. पेन्शन घेणाऱ्यानं वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा असतो, आणि 2014 पासून तो बोटाच्या ठशावरही निघतो. बोट काचेवर ठेवायचं, लाल दिवा लागतो, मशीन थोडा विचार करतं आणि माणूस आहे का गेला ते सांगतं. 30 रुपये. कलर प्रिंट पाहिजे असली तर 40.

गेल्या वर्षी कवठेपिरानकडची एक आज्जी आली. मालक शाळेत शिपाई होते, ते वारले, आता तिला फॅमिली पेन्शन. जन्मभर हळदीत राबलेली बाई. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पुन्हा दुसऱ्याच्या रानात काढायला जायचं. अंगठ्यावर रेघ म्हणून शिल्लक नाही, नखाच्या कडेला मात्र पिवळा रंग अजून. मशीन म्हणालं, ठसा जुळत नाही. हात धुऊन आणला, पदरानं पुसला, दहाच्या दहा बोटं झाली. नाहीच. मग मोबाइलवरची चेहऱ्याची पद्धत काढली. त्यात समोरचा फोटो नाही, खरा माणूस आहे हे कळायला पापण्या हलवाव्या लागतात.

"आज्जी, डोळे मिचकवा."

"कुणाला?"

"मोबाइलला."

"ह्या वयात?"

मागं रांगेत पाच-सहा जण होते, सगळे फुटले. आज्जी पण हसली. हसली की तिचे डोळे पार बारीक होतात, त्यामुळं मोबाइलला ते मिचकावणं वाटेना. दुसऱ्यांदा फेल. तिसऱ्यांदा फेल. मग ती हसायची थांबली आणि मला म्हणाली, "मी गेले म्हनं, आन् घरात कुणी मला सांगितलं सुदीक न्हाई."

हे वाक्य मी त्याच दिवशी दुकानाच्या उधारीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलं. कारण 1996 पासून मी विज्ञानकथा लिहितोय, मला हसवता हसवता काळोख दाखवणारी कथा लिहायचीय, आणि इतक्या वर्षांत मला असं एक वाक्य लिहिता आलेलं नाही.

माझी पहिली कथा सांगतो, म्हणजे माझं काय चुकत होतं ते कळेल. काळ 2025 (तेव्हा ते फार लांब वाटायचं). सांगलीतला एक महासंगणक वेडा होतो आणि कृष्णेचं पाणी अडवतो. तरुण शास्त्रज्ञ डॉ. आदित्य त्याला हरवतो. डॉ. आदित्य बंगल्यात राहायचा आणि रात्री अकरा वाजता कॉफी मागवायचा. आमच्या घरात तेव्हा कॉफी फक्त कुणी आजारी पडलं की व्हायची. कथेत कुणालाही रेशनच्या रांगेत उभं राहावं लागत नव्हतं, कुणाच्या घरात लाइट जात नव्हती, आणि एवढा मोठा महासंगणक सांगलीत नेमका कुणाच्या जागेत ठेवलाय हे मलाही माहीत नव्हतं. स्पर्धेला पाठवली. परत आली.

मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्यावर नारळीकरांची सावली असतेच. त्यांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली होती. जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी फिरवलेली. ओळख लपवून पहिलं बक्षीस मिळवलं. त्यांचं शास्त्र पक्कं होतं. मागून आलेल्या माझ्यासारख्यांनी शास्त्र तेवढं सोडलं आणि मित्राला समजावून सांगणारा प्राध्यापक उचलला. माझ्या पहिल्या सहा कथांत प्राध्यापक आहेत. एकालाही विनोद कळत नाही.

वेडं झालेलं यंत्र हा त्याच घरातला दुसरा भाऊ. त्याची भीती मला आता अजिबात वाटत नाही. भीती वाटते ती शहाण्या, नम्र, नियमानं चालणाऱ्या यंत्राची. फिलिप के. डिक या अमेरिकन लेखकाच्या 1969 सालच्या 'युबिक' कादंबरीत एक दरवाजा आहे. उघडायचे पैसे मागतो. नायक म्हणतो, मी तुला देतो ती बक्षिसी, सक्ती नाही. दरवाजा म्हणतो, करार काढून बघ. तो काढून बघतो, तर दरवाज्याचंच खरं असतं. मग तो दरवाज्याचे स्क्रू खोलायला लागतो, आणि दरवाजा त्याला कोर्टाची धमकी देतो. हे वाचताना मी काउंटरमागं एकटाच हसत बसलो होतो. तो दरवाजा बिघडलेला नाही, चिडलेला नाही. कागदावर बोट ठेवून बोलतोय फक्त. असला दरवाजा मी ओळखतो. पूर्वी त्याला साहेब म्हणायचे.

खरंच सांगतो, माझ्या दुकानात दिवसातून वीस वेळा मी म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे, तासाभरानं या." लोक निमूट जातात. माझे वडील दाखल्यासाठी हेलपाटे घालायचे तेव्हा त्यांना सांगायचे, "साहेब जेवायला गेलेत, तासाभरानं या." तेच वाक्य, तोच तास. खुर्ची तीच, बसणारा बदलला. रोबोट हा शब्दसुद्धा 1920 च्या एका चेक नाटकातून आला, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या 'रोबोटा'चा अर्थ वेठ. आमच्याकडं मात्र ते यंत्र वेठीला न लागता थेट साहेब झालं.

म्हणून मी आता एक शिस्त पाळतो. कथेत एकच गोष्ट नवी आणायची. एकच. बाकी सगळं आजचंच ठेवायचं: भाडं, भावकी, गुडघेदुखी, लग्नातला मानपान. उडत्या गाड्या, चंद्रावरची वसाहत आणि मनातलं ओळखणारं हेल्मेट एकाच कथेत घातलं की कुणीच हसत नाही, कारण कशाला हसायचं तेच कळत नाही. उडती गाडी एकच असू दे, पण ती दारातनं काढायला शेजारच्या भाऊसाहेबांची स्कूटर आडवी पाहिजे.

ही शिस्त मी परदेशी पुस्तकांतून शिकलो असं सांगायला बरं वाटलं असतं, पण ती तमाशातली आहे. लहानपणी विट्याकडं मामाच्या गावच्या जत्रेत वग बघायचो. राजा कुठल्या शतकातला हे कुणी विचारत नाही. मनगटाला घड्याळ असतं. प्रधान काहीतरी गंभीर सांगत असतो आणि मध्येच शिपाई एसटीच्या तिकिटावर घसरतो, सोसायटीच्या कर्जावर घसरतो, पहिल्या रांगेतल्या पाटलाच्या फेट्यावर घसरतो. लोक लोळायचे. राजा तसाच दूर शतकात उभा, आणि आजचा दिवस त्याच्या पायात घुटमळतोय. आपण आजचा दिवस मागं नेण्याऐवजी वीस वर्षं पुढं नेऊन ठेवायचा, एवढाच फरक. ज्या जिल्ह्यात पठ्ठे बापूराव जन्मले तिथल्या माणसाला हे कळायला पन्नाशी यावी लागली, याची लाज वाटते.

आता काळा भाग. नुसता विनोद करायला मलाही येतो, दुकानात दिवसभर तेच चालतं. काळोख कुठून आणायचा?

2019 च्या ऑगस्टमध्ये दुकान बुडालं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी, त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. झेरॉक्सचं मशीन मला हलवता आलं नाही, ते दीडशे किलोचं धूड आहे. प्रिंटर आणि कागदाची रिमं माळ्यावर टाकली आणि आम्ही विश्रामबागला बहिणीकडं गेलो. तिसऱ्या दिवशी रात्री गॅलरीत उभा होतो, सगळीकडं अंधार, लांबून बोटीच्या इंजिनाचा आवाज, आणि मोबाइलवर मेसेज आला. ऑनलाइन मागवलेले लॅमिनेशनचे पाऊच पुराआधी दोन दिवस मिळाले होते. आपला खरेदीचा अनुभव कसा होता? आम्हाला 5 पैकी किती तारे द्याल? सोबत एक हसरा चेहरा. पाऊच त्या घटकेला कृष्णेत होते.

मी 4 तारे दिले. का दिले ते आजही सांगता येत नाही. एक का कापला तेही नाही.

जगबुडीच्या कथा लिहिणारे पाण्याच्या भिंती, पळणारी माणसं, कोसळणारे पूल रंगवतात. मला पुरातलं आठवतं ते असलं काहीतरी. नाहीतर शाळेतल्या छावणीत लाऊडस्पीकरवरून, "ज्यांना दोनदा चहा मिळाला त्यांनी कृपया तिसऱ्यांदा रांगेत उभे राहू नये." दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकनं अणुयुद्धावरचा 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (1964) हा सिनेमा एका गंभीर कादंबरीवरून गंभीरच करायला घेतला होता. बारकावे नीट विचारात घ्यायला लागला तसं तसं ते हास्यास्पद होत गेलं, आणि मग त्यानं ते तसंच होऊ दिलं. माझा अनुभव तोच आहे. शेवटाच्या जवळ गेलं की माणूस मोठं काही बोलत नाही, चहाचं बोलतो.

आणि वास्तव तर लेखकाला लाजवतं. उत्तर प्रदेशातल्या आझमगढचे लाल बिहारी 1970 च्या दशकात सरकारी कागदावर मेले, जमिनीपायी नातेवाइकांनी लाच देऊन मारले. ते 1994 ला पुन्हा जिवंत झाले. मधल्या काळात त्यांनी नावापुढं 'मृतक' लावलं, आपल्यासारख्यांचा मृतक संघ काढला, निवडणुकीला उभे राहिले, आणि बायकोसाठी विधवा पेन्शन मागितली. शेवटचं मला फार आवडतं. कथेत लिहिलं असतं तर संपादकानं म्हटलं असतं, जरा ताणलंय.

खलनायक मी पूर्ण बंद केलाय. काचेच्या ऑफिसात बसून सगळ्यांवर नजर ठेवणारा कंपनीचा मालक, पांढरी मांजर, असलं काही नाही. या जातीच्या कथेत प्रत्येक जण आपली ड्यूटी करत असतो आणि "आमच्या हातात काही नाही" म्हणत असतो. आणि शेवटी "हे सगळं आभासी होतं" असं म्हणणाऱ्या लेखकाला वाचकानं पुस्तकाचे पैसे परत मागावेत.

सध्या लिहितोय ती कथा 2041 सालची, खरसुंडीच्या जत्रेत घडते. खिलार बैलांचा बाजार. हेडे, म्हणजे जनावरांचे दलाल, अजून उपरण्याखाली हातात हात घालून, बोटं दाबून भाव ठरवतात. एका कंपनीनं भाव ठरवणारं यंत्र आणलंय, पण लोक म्हणतात उपरण्याखाली हात घातल्याशिवाय सौदा नाही, म्हणून यंत्राला रबरी हात बसवलाय. नवी गोष्ट एवढीच. एक म्हातारा त्या हातात हात देतो, यंत्र त्याचा अंगठा तपासतं, आणि कळतं की नोंदीप्रमाणे म्हातारा चार वर्षांपूर्वी मयत आहे. बैलाच्या कानातला 12 आकडी पिवळा बिल्ला मात्र बिनचूक वाचला जातो, बैलाचं सगळं रेकॉर्ड चोख. म्हणजे बैल जिवंत, मालक मयत, आणि मयताला विकता येत नाही. यंत्र अत्यंत आदरानं सांत्वन करतं आणि वारसांना घेऊन यायला सांगतं. उपरण्याखालचा हात तसाच धरलेला. रबराचा हात ऊबदार केलेला असतो, गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून.

हे मी शेजारच्या चहावाल्या अण्णांना वाचून दाखवलं. ते तरुणपणी गावच्या तमाशात सोंगाड्या होते. ऐकून म्हणाले, "राजा हाय. मशीन. प्रधान हाय, त्यो कंपनीचा टायवाला. शिपाई कुठाय?"

मी म्हटलं, शिपाई कशाला पाहिजे यात?

त्यांनी कपबशा उचलल्या, माझ्या काउंटरकडं बघितलं. "30 रुपये घिऊन म्हातारीला मेली म्हनून सांगणारा कोन मग?"

दोन दिवस मी काही लिहिलं नाही. मग जत्रेत एक टेबल टाकलं, त्यावर छत्री, प्रिंटर आणि माझ्या वयाचा एक माणूस. तो दिवसभर "सर्व्हर डाऊन आहे" म्हणतो. त्याच्यापाशी कथा आता अडून बसलीय, कारण त्याला घरी कधी जाऊ द्यायचं ते मला ठरवता येत नाही.

आज्जीचं काम शेवटी बँकेत झालं. नातवानं तिथं नेलं, तिथल्या बाईंनी तिच्याकडं बघितलं, फॉर्मवर सही घेतली आणि शिक्का मारला. परत जाताना ती दुकानात आली. पोचपावतीच्या दोन झेरॉक्स पाहिजे होत्या, त्यातल्या एकीला लॅमिनेशन.

"लॅमिनेशन कशाला, आज्जी?"

"भितीला लावते. घरात सगळ्यास्नी ठावं असूदे."

24 रुपये झाले. तिनं कनवटीचे मोजून दिले, आणि जाताना पायरीवरून वळून मला डोळे मिचकावून दाखवले. दोन्ही, सावकाश, नीट.