तुम्ही विचारलंत म्हणून: बाळंतपणात कावीळ कशी काय?

बारशाला, हळदीकुंकवाला, भाजी घेतानाही हा प्रश्न येतो, आणि त्याचं शेपूट ठरलेलं: "पथ्य मोडलंस का?"

नाही मोडलं. मुलगा तीन महिन्यांचा होता. थकवा यायचा, पण रात्ररात्र जागणारी बाळंतीण थकणारच. अंगाला खाज. लघवी कोऱ्या चहासारखी; पाणी कमी पीत असेन म्हटलं. डोळे पिवळे झालेत हे पहिल्यांदा आमच्या भांडीवाल्या मावशींनी पाहिलं.

मग गळ्यात काविळीची माळ आली. ती रोज थोडी लांबते, म्हणजे कावीळ उतरते म्हणे. कांड्यांचे तुकडे सुकून आकसतात, दोरा सैल पडतो, एवढंच. माळ पोटापर्यंत पोचली तेव्हा माझं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, 900 च्या वर होतं.

हिपॅटायटिसचे सगळे विषाणू निगेटिव्ह. रक्तातल्या अँटिबॉडी, म्हणजे आयजीजी, वाढलेल्या; स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या अँटिबॉडींची तपासणी, एएनए, पॉझिटिव्ह. बरगड्यांमधून सुई घालून लिव्हरचा तुकडा काढला. त्यानंतर तासन्‌तास हलायचं नाही, आणि दाराबाहेर मुलगा भुकेने रडतोय. तो दिवस आठवला की अजून पान्हा फुटल्यासारखं होतं. निदान झालं ऑटोइम्यून हिपॅटायटिस: शरीराची फौज स्वतःच्याच यकृतावर उलटलेली.

डॉक्टर म्हणाले, पोटातलं मूल अर्धं परकं असतं, म्हणून नऊ महिने शरीर या फौजेला आवरून धरतं. बाळंतपणानंतर लगाम सुटतो. दबलेला आजार वर येतो तो बहुधा पहिल्या काही महिन्यांत.

त्यांनी दोनदा विचारलं, काढ्यात गुळवेल होती का? करोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्यांच्या लिव्हरला झालेली इजा मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवली आहे, आणि ती दिसते बरीचशी अशीच. काढा सासूबाईंनी केला होता. त्यांचा चेहरा उतरला. गुळवेल नव्हती.

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने चेहरा पुरीसारखा फुगला, मग डोस उतरत गेला. त्या फौजेला आवरणारी अझाथायोप्रिनची गोळी आजही चालू आहे. दोन्ही घेत मी अंगावर पाजलं, डॉक्टरांना विचारूनच. दुसऱ्या बाळाचंही विचारता, तर होऊ शकतं. मात्र आधी निदान वर्षभर आजार शांत हवा, गोळ्या मनाने सोडायच्या नाहीत, आणि बाळंतपणानंतरचे महिने रक्त तपासत राहायचं.

सासूबाई अजून मधूनच विचारतात, "डिंकाच्या लाडवांनी तर नाही ना गं झालं?"

नाही हो आई. लाडू फार छान झाले होते.