पिशवी तपासायलाच हवी का?

ठाणे स्टेशनच्या जवळ असलेल्या आमच्या छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये शस्त्रक्रियेने काढलेले अवयव बहुतेक वेळा रुग्णाचे नातेवाईकच घेऊन येतात. मोठ्या रुग्णालयांचा स्वतःचा विभाग असतो. दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होमला तो परवडत नाही, त्यामुळे ऑपरेशन संपले की बरणी मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हाती दिली जाते आणि "एवढं लॅबमध्ये देऊन या" असे सांगितले जाते. गेल्या वर्षी जूनमधल्या एका दुपारी किसननगरचा एक तरुण अशीच बरणी घेऊन आला; आत त्याच्या आईचे गर्भाशय, म्हणजे बोलण्यातली 'पिशवी', होते. त्याने ती काउंटरवर ठेवली नाही. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीसकट ती हातात धरूनच त्याने तपासणीचा दर विचारला, तो ऐकून थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मॅडम, हे तपासायलाच हवं का? डॉक्टर म्हणाले, गाठीची पिशवी आहे, करायचं तर करा."

आमचा दर म्हणजे त्याच्या दोन-तीन दिवसांची मजुरी होती, आणि आईच्या ऑपरेशनसाठी त्याने वागळे इस्टेटमधल्या आपल्या मुकादमाकडून उचल घेतलेली होती. मी फाइल मागितली. सोनोग्राफीच्या अहवालात तीन सेंटिमीटरची फायब्रॉइडची, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतली कर्करोगाची नसलेली, गाठ ठळक अक्षरांत होती. त्याच्याच खालच्या ओळीत, साध्या अक्षरांत, गर्भाशयाच्या अस्तराची जाडी १४ मिलिमीटर दिलेली होती. आईचे वय ५४. पाळी चालू होती का, असे विचारल्यावर तो जरा संकोचला, कारण हा प्रश्न मुलाला विचारायचा नसतो. पण उत्तर त्याला ठाऊक होते. "ती कधीचीच गेली होती. गेल्या वर्षी परत आली."

पाळी बंद होऊन सलग एक वर्ष उलटले, की त्यानंतर अंगावरून जाणारे रक्त कितीही थोडे असले तरी ते पाळीचे नसते. अशा रक्तस्रावाची तक्रार घेऊन येणाऱ्या साधारण दहा बायकांपैकी एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. उलट बाजूने पाहिले, तर ज्यांना हा कर्करोग होतो त्यांतल्या दहापैकी नऊ जणींना तो रक्तस्रावानेच आपली चाहूल देतो. पाळी गेलेल्या बाईचे अस्तर सोनोग्राफीत चार मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर कर्करोगाची शक्यता अगदी नगण्य असते. त्याहून जाड असेल तर नमुना घेऊन तपासावा, असा सर्वमान्य संकेत आहे. इथे जाडी चौदा होती. मी त्याला म्हटले, "तपासायलाच हवं. पैशांचं नंतर बघू, बरणी आत द्या."

बरणीत अवयव टिकवणारे फॉर्मॅलिन नव्हते, सलाईन म्हणजे मिठाचे पाणी होते. अवयव त्यात ठेवला की तो टिकत नाही, तासागणिक सडत जातो, आणि सर्वांत आधी बिघडते ते नेमके अस्तर. शस्त्रक्रिया सकाळीच झालेली असल्यामुळे अजून वेळ गेलेली नव्हती. गर्भाशयमुखातून सळई आत सारून दोन्ही कडांनी कात्री चालवली आणि पिशवी पुस्तकासारखी उघडली. पुढच्या भिंतीत ती गाठ होती: पांढरी, टणक, कापल्यावर भोवऱ्यासारख्या रेषा दिसणारी, अगदी निरुपद्रवी. पाळी गेल्यावर अशा गाठी आक्रसत जातात. वर्षानुवर्षे गप्प बसलेली गाठ चौपन्नाव्या वर्षी अचानक रक्तस्राव सुरू करील, हे मानणे मला नेहमीच अवघड जाते. मागच्या भिंतीवर, वरच्या टोकाशी, मळकट पिवळसर रंगाची, झुबकेदार, बोट लावताच भुगा होणारी वाढ होती. तिच्यावरून सुरी आडवी फिरवली तेव्हा स्नायूच्या गुलाबी भिंतीत शिरलेली तिची फिकट जीभ नुसत्या डोळ्यांनी दिसली. टेबलापाशी उभ्या असलेल्या आमच्या टेक्निशियनने न विचारताच, मेणाचे ब्लॉक करण्यासाठी तुकडे ज्यांत ठेवतात त्या कॅसेटची दुसरी रांग मांडली.

स्लाइड तयार झाल्यावर शंका उरली नाही. ग्रंथी एकमेकींना चिकटून दाटलेल्या, मधली जागा नाहीशी झालेली. एंडोमेट्रिऑइड प्रकारचा, म्हणजे अस्तराच्या ग्रंथींसारखा दिसणारा, पहिल्या म्हणजे सर्वांत सौम्य श्रेणीचा कर्करोग, स्नायूच्या निम्म्या जाडीच्या आत थांबलेला. गर्भाशयमुख मोकळे होते. मात्र ऑपरेशन खालच्या मार्गाने केलेले असल्यामुळे बरणीत बीजकोश आणि नळ्या नव्हत्या. त्या बाईच्या पोटातच होत्या, आणि या आजारात त्या काढून तपासणे हा उपचाराचाच भाग असतो. आधी नमुना घेतला असता तर हेच ऑपरेशन एकदाच आणि पूर्ण झाले असते.

फाइल पुन्हा सावकाश वाचली तेव्हा वर्षभराचा प्रवास स्पष्ट झाला. बाईंचे वजन ७८ किलो, मधुमेह जुना. पाळी गेल्यावर बीजकोश इस्ट्रोजेन बनवणे जवळजवळ थांबवतात, पण शरीरातली चरबी ते बनवतच राहते. त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन मात्र उरलेले नसते, आणि त्या एकतर्फी पोषणावर अस्तर वाढत जाते. त्यांना वेगवेगळ्या दवाखान्यांतून तीनदा रक्त थांबवायच्या गोळ्या आणि प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या मिळाल्या होत्या. दर वेळी रक्त काही आठवडे थांबले, आणि दर वेळी त्याचा अर्थ गोळी लागू पडली असा घेतला गेला. हिमोग्लोबिन आठच्या खाली आले तेव्हा रक्ताची बाटली चढली आणि पिशवी काढायचे ठरले. मधल्या काळात महापालिकेच्या शिबिरात त्यांची कर्करोगाची तपासणीही झाली होती आणि ती "नॉर्मल" होती. पण ती गर्भाशयमुखाची होती. आपल्या राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचा समावेश आहे. अस्तराच्या कर्करोगासाठी निरोगी बायकांची सरसकट चाळणी करण्याजोगी चाचणीच जगात नाही. तिथे रक्तस्राव हीच घंटा, आणि ती कोणीतरी ऐकावी लागते.

संध्याकाळी मी शल्यविशारदांना फोन केला. ते मन लावून काम करणारे गृहस्थ आहेत आणि त्यांनी टाळाटाळ केली नाही. "मॅडम, नमुना घेतला की रिपोर्टला आठवडा. बाई घरकामाला जाते, तिला दोनदा सुट्टी मिळत नाही. ती परत येतच नाही. त्यापेक्षा एका फेरीत पिशवी काढून दिली तर निदान रक्त तरी थांबतं." हे सगळे खोटे आहे असे मला म्हणता येईना. गरीब देशांत हा आजार श्रीमंत देशांपेक्षा कमी आढळतो, पण उशिरा सापडतो, आणि उशीर होण्याची कारणे बहुतेक अशीच असतात. मात्र त्यांच्या युक्तिवादाची दुसरी बाजू माझ्या टेबलावर रोज येते. पस्तिशी-चाळिशीतल्या बायकांची, कापून पाहिल्यावर जवळजवळ काहीच न सापडणारी गर्भाशये येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या सुमारे तीन टक्के भारतीय स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आहे. बीडमध्ये २०१९ साली ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ८२ हजार जणींपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे एकच घाई एकीचे निरोगी गर्भाशय काढते आणि दुसरीचा कर्करोग अर्ध्या ऑपरेशनावर सोडते. बारीक प्लास्टिकची नळी आत घालून दवाखान्यातच, भूल न देता, काही मिनिटांत अस्तराचा नमुना मिळतो. तो दोन्ही चुकांना आळा घालतो. मी त्यांना एवढेच सांगितले आणि नमुन्याचा दर निम्मा करण्याची तयारी दाखवली.

अहवाल घ्यायला मुलगा आईलाच घेऊन आला. मुलाने मला बाजूला घेऊन "तिला सांगू नका" अशी खूण केली, पण बाईंनीच ती पाहिली. "माझंच आहे ना ते? मग मला सांगा," त्या म्हणाल्या. मी सांगितले. गर्भाशयापुरता मर्यादित असताना सापडलेल्या या कर्करोगात दहापैकी नऊहून अधिक बायका पाच वर्षांनंतरही हयात असतात, हेही सांगितले. हे आकडे चांगले उपचार मिळणाऱ्या देशांतले आहेत, आणि तसे उपचार इथून तासाभराच्या अंतरावर मिळतात. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक डब्यात भरून, वर नाव-नंबर लिहून त्यांच्या हाती दिले आणि परळच्या टाटा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. त्यांचा दुसरा प्रश्न रेशनकार्डाचा होता. ते केशरी होते, म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसणारे. टाटामध्ये स्लाइड पुन्हा पाहिल्या गेल्या, निदान कायम राहिले, दुर्बिणीतून बीजकोश आणि नळ्या काढल्या आणि त्यांत काही सापडले नाही. पुढे किरणोपचार लागले नाहीत. ठरावीक अंतराने दाखवायला जाणे तेवढे उरले.

या योजनेबद्दल एक गोष्ट मला खटकते. ती मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचा भार उचलते. ज्या चिमूटभर नमुन्यावर पुढचे सगळे ठरते, तो दवाखान्यात घेतला तर त्याचा आणि त्याच्या अहवालाचा खर्च बाई स्वतःच्या पदरातून करते. मग तो टाळण्याचा मोह तिला होतो आणि डॉक्टरांनाही होतो.

त्या शल्यविशारदांकडून जुलैपासून छोट्या बाटल्यांमधून नमुने येऊ लागले. एका सत्तेचाळीस वर्षांच्या बाईच्या नमुन्यात साधी, विकृत पेशी नसलेली वाढ निघाली. तिला प्रोजेस्टेरॉनची कॉपर-टीसारखी कांडी बसवली आणि पिशवी जागेवर राहिली. दुसऱ्या एका नमुन्यात मात्र विकृत पेशींची वाढ होती, म्हणजे आत कर्करोग दडलेला असण्याची शक्यता बरीच, आणि ती बाई अहवाल न्यायला आलीच नाही. फाइलमधला फोन नंबर शेजारणीचा होता. शेजारीण म्हणाली, ती जव्हारला भाताच्या लावणीसाठी गेली आहे. "सांगितलं होतं ना," असे डॉक्टर म्हणाले नाहीत, पण म्हणाले असते तरी माझ्याकडे उत्तर नव्हते. लोकमान्य नगरच्या आशा स्वयंसेविकेने तिचा भाऊ शोधला, भावाने निरोप पोहोचवला, आणि लावणी संपवून ती आली. आता नमुन्यासोबतच्या फॉर्मवर पाळी बंद झाल्याचे वर्ष आणि दोन फोन नंबर, त्यांतला एक घरातल्याच माणसाचा, असल्याशिवाय आमची काउंटरवरची मुलगी बाटली ठेवून घेत नाही.