हरणाऱ्या संघाला कोणता टाइट एंड हवा असतो?

ह्यूस्टन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने २०२४ च्या हंगामात बारापैकी चारच सामने जिंकले आणि सामन्यामागे सरासरी १४ गुण केले. सप्टेंबरात तर सिनसिनाटीने ३४–० आणि लगेच पुढच्या आठवड्यात आयोवा स्टेटने २०–० असे हरवून या संघाला सलग दोनदा भोपळा दिला. पुढच्याच हंगामात याच संघाने दहा सामने जिंकले, तीनच गमावले आणि शेवटी टेक्सास बोल या हंगामानंतरच्या सामन्यात एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) ३८–३५ असे हरवले. हा बदल घडवण्यात ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या अधिकृत यादीतून, आणलेल्या खेळाडूंचा वाटा फार मोठा होता. त्यांतल्या टॅनर कोझिओल या ६ फूट ७ इंच उंचीच्या टाइट एंडबद्दल इथल्या आमच्या मराठी मित्रमंडळातही बरीच चर्चा झाली. बॉल स्टेट विद्यापीठाकडून ९४ झेल घेतलेला माणूस आणला आणि संघ सुधारला, असा त्या चर्चेचा एकंदर सूर होता. मला हे अर्धेच पटते, आणि न पटणाऱ्या अर्ध्या भागाबद्दल थोडे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. चेंडू खेळात येतो त्या क्षणी आक्रमण करणाऱ्या संघाचे किमान सात खेळाडू पुढच्या रेषेवर उभे असावे लागतात. त्यांतले मधले पाच धिप्पाड गडी फक्त अडवण्याचे काम करतात. पुढे फेकलेला पास झेलण्याची त्यांना परवानगी नसते. या पाचांच्या शेवटच्या माणसाला, म्हणजे टॅकलला, खेटून जो उभा राहतो तो टाइट एंड. त्याला पास झेलता येतो, पण उभा राहतो तो अडवणाऱ्यांच्या रांगेत, आणि म्हणून समोरचा ११०–१२० किलोचा बचावपटू अंगावर घेण्याचे कामही त्याच्याकडेच येते. दोन्ही कामे सारखीच चांगली करणारे फार थोडे असतात. बाकीचे एकात तरबेज असतात आणि दुसरे निभावून नेतात. आपल्याकडे यष्टिरक्षकाची निवड त्याच्या धावा पाहून केली की काय होते ते आपण अनेकदा पाहिले आहे. टाइट एंडची निवड झेल मोजून केली की साधारण तेच होते.

आता त्या ९४ झेलांकडे पाहू. २०२४ च्या हंगामात कॉलेज फुटबॉलमध्ये टाइट एंडच्या जागेवरून सर्वाधिक झेल घेणारे तिघे होते: बोलिंग ग्रीनचा हॅरल्ड फॅनिन, ११७ झेल, पेन स्टेटचा टायलर वॉरेन, १०४ झेल, आणि त्यांच्यामागे कोझिओल. पेन स्टेटने त्या वर्षी राष्ट्रीय प्लेऑफच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. कोझिओलचा बॉल स्टेट मात्र तीन सामने जिंकून नऊ हरला, आणि हंगाम संपायच्या आतच तिथल्या मुख्य प्रशिक्षकाला जावे लागले. जो संघ सतत पिछाडीवर असतो त्याला धावून पुढे जाण्यापेक्षा पास फेकणे भाग पडते, आणि ज्या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्याला, पुढची फळी अडीच सेकंदही वेळ मिळवून देत नाही तो साहजिकच जवळच्या उंच माणसाकडे चेंडू टाकून मोकळा होतो. म्हणजे झेलांचा मोठा आकडा जितका त्या खेळाडूच्या गुणांचा पुरावा असतो तितकाच तो जुन्या संघाच्या अडचणीचाही असू शकतो, आणि खरेदी करणाऱ्याने हे दोन्ही वेगळे करून पाहायला हवे.

ह्यूस्टनने हे केले असे मला वाटते. विली फ्रिट्झ हे मुख्य प्रशिक्षक तुलेनहून आलेले. तिथे त्यांनी २०२१ मध्ये २–१० (दोन विजय, दहा पराभव) अशी दैना झालेला संघ पुढच्याच हंगामात १२–२ वर नेला होता आणि २ जानेवारी २०२३ रोजी कॉटन बोलमध्ये यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) ४६–४५ असे हरवले होते. त्या सामन्यात नऊ सेकंद उरलेली असताना विजयी टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेणारा पास, झेलला तो अ‍ॅलेक्स बाउमन या टाइट एंडने. फ्रिट्झ यांनी २०२५ साठी आक्रमणाची सूत्रे स्लेड नेगल यांच्याकडे दिली. नेगल तुलेनमधले त्यांचे जुने सहकारी, आणि मधले एक वर्ष एलएसयूमध्ये टाइट एंडचे प्रशिक्षक होते. ज्या माणसाचा पिंडच या जागेवर पोसलेला आहे त्याच्या हाती आराखडा आल्यावर टाइट एंड शोभेपुरता राहणार नाही, हे उघड होते. शिवाय टेक्सास ए अँड एमहून क्वार्टरबॅक कॉनर वाइगमन आणला, यूएबीहून (बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठातून) आमारे थॉमस हा रिसीव्हर, म्हणजे पळून पास झेलणारा खेळाडू, आणला, पुढच्या फळीतही नवी भर घातली. एका बाजूला थॉमस लांब पळून बचावाला मागे खेचतो आणि मधल्या मोकळ्या जागेत कोझिओल उभा राहतो, अशी ती रचना होती. कोझिओलने तिथेही ७० हून अधिक झेल घेतले, पण संघाचे सरासरी गुण जवळपास दुप्पट झाले ते एवढ्या सगळ्या जोडण्या एकत्र बसल्या म्हणून. बॉल स्टेटमध्ये तोच माणूस, तेच हात, तीच उंची होती, आणि तरी नऊ पराभव झाले होते.

तरीसुद्धा मला एका पडेल संघासाठी एकच टाइट एंड निवडायला सांगितला, तर मी झेल घेणारा नंतर आणि अडवणारा आधी निवडेन. त्याचे कारण इंडियानात सापडते.

इंडियाना विद्यापीठाचा संघ २०२३ मध्ये ३–९ होता. कर्ट सिग्नेटी तिथे प्रशिक्षक म्हणून गेले तेव्हा पहिल्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमधील आजवरच्या सर्वाधिक पराभवांचा विक्रम याच संघाच्या नावावर होता. सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आले आणि आपल्याबरोबर तिथले डझनभर खेळाडू घेऊन आले, ज्यांत झॅक हॉर्टन हा टाइट एंड होता. नव्या संघात जुन्या आराखड्याची भाषा बोलणारे दहा-बारा जण असले की बाकीच्यांना शिकवणे किती सोपे जाते हे २०२४ च्या ११–२ या निकालाने दाखवले. टाइट एंडच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे, कारण धाव असो वा पास, प्रत्येक डावात, म्हणजे चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतच्या खेळीत, त्याला वेगळे काम असते आणि समोरचा बचाव शेवटच्या क्षणी सरकला तर त्याने आपले काम स्वतःच बदलायचे असते.

हॉर्टननंतर २०२५ मध्ये रायली नोवाकोव्हस्की आला. हा मूळचा मिलवॉकीचा. विस्कॉन्सिन विद्यापीठात शिष्यवृत्तीशिवाय, लाइनबॅकर या बचावाच्या जागेवर दाखल झालेला आणि पुढे फुलबॅक (चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट करून देणारा) व टाइट एंड झालेला. उंची सहा फुटांहून जेमतेम अधिक, म्हणजे या जागेच्या मानाने बुटकाच, आणि झेलांचे आकडे कोणाच्या डोळ्यांत भरावेत असे मुळीच नाहीत. पोर्टलमधली यादी झेलांच्या क्रमाने लावली असती तर त्याचे नाव कोणी वाचलेही नसते.

तो काय करतो हे पाहण्यासाठी एक डाव डोळ्यांसमोर आणावा लागेल. नोवाकोव्हस्की टॅकलच्या डाव्या खांद्यामागे, रेषेपासून एक पाऊल मागे, गुडघे किंचित वाकवून उभा आहे. चेंडू मागे येताच पुढचे पाचही जण एकसाथ डावीकडे सरकतात आणि उजव्या टोकाचा बचावपटू मुद्दाम मोकळा सोडला जातो. त्याला वाटते की आपल्याला वाट मिळाली, आणि तो क्वार्टरबॅककडे वळतो. तेवढ्यात रांगेच्या मागून आडवा धावत आलेला टाइट एंड त्याच्या बरगडीखाली खांदा घालतो आणि चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक त्याने उघडलेल्या फटीतून निघून जातो. याला स्प्लिट झोन म्हणतात. दोन-तीनदा असा मार खाल्ल्यावर तो बचावपटू पुढच्या वेळी धक्क्याच्या तयारीने अंग आवळून उभा राहतो, आणि नेमक्या त्या डावात टाइट एंड त्याला न शिवता बाजूने निसटतो व चार यार्डांवर एकटाच पास झेलतो. हा झेल आकडेवारीत साधा दिसतो, पण आधीच्या तीन धडकांशिवाय तो मिळालाच नसता. शिवाय ज्या संघाचा टॅकल कमकुवत आहे त्याला हा सहावा अडवणारा मिळाला की टॅकलची अर्धी चूक झाकली जाते. चांगला टॅकल पोर्टलमध्ये सर्वांनाच हवा असतो आणि त्याची किंमतही तशीच लागते. अडवणारा टाइट एंड त्या मानाने स्वस्तात मिळतो, कारण त्याचे काम दाखवणारा आकडाच कोणी छापत नाही.

१९ जानेवारी २०२६ रोजी मायामीजवळच्या हार्ड रॉक स्टेडियमवर इंडियानाने मायामी विद्यापीठाला २७–२१ असे हरवून आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि १६–० असा हंगाम पूर्ण केला. इंडियानाचे त्या सामन्यातले पहिले टचडाउन नोवाकोव्हस्कीने एका यार्डावरून चेंडू पोटाशी धरून, गर्दीत घुसून केले. समोरच्या मायामीकडे टाइट एंड कोण होता, तर तुलेनहून पोर्टलमार्गे आलेला तोच अ‍ॅलेक्स बाउमन. विस्कॉन्सिनची कथा मात्र उलटी झाली. नोवाकोव्हस्की तिथून गेला, कोझिओलही जानेवारी २०२५ मध्ये आधी तिथेच दाखल झाला होता, पण वसंतातला सराव आटोपल्यावर तो पुन्हा पोर्टलमध्ये उतरला आणि ह्यूस्टनला आला. विस्कॉन्सिनने तो हंगाम ४–८ असा संपवला. अर्थात दोन टाइट एंड गेले म्हणून आठ सामने हरले असा अर्थ कोणी काढू नये, तिथे दुखणी बरीच होती.

शाळेतून थेट भरती न करता पोर्टलमधून घेण्याचा या जागेसाठी एक खास फायदा आहे. अमेरिकेतल्या बहुतेक शाळा आता चार-चार रिसीव्हर पसरवून खेळतात, त्यामुळे अठरा वर्षांचा ‘टाइट एंड’ हा बहुधा एखादा उंच रिसीव्हर किंवा बास्केटबॉलचा खेळाडू असतो, ज्याने जमिनीला हात टेकवून समोरच्याला कधी ढकललेलेच नसते. त्याच्या अंगावर वीस किलो वजन आणि मानेत बळ यायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि पडेल संघाच्या प्रशिक्षकाकडे तेवढी वर्षे नसतात. बावीस वर्षांचा, शरीर भरलेला, तीनशे-चारशे डाव प्रत्यक्ष खेळलेला माणूस आणला तर काय मिळणार हे बरेचसे आधीच दिसते. पडेल संघाच्या हाती आमिषही चांगले असते: तू आलास की पहिल्या सामन्यापासून तूच खेळशील, हे वचन बलाढ्य संघाला देता येत नाही.

याची झळ बसते ती बॉल स्टेटसारख्या लहान विद्यापीठांना. त्यांनी तीन वर्षे खाऊपिऊ घालून, वजन वाढवून तयार केलेला गडी मोठा संघ एका सहीत घेऊन जातो. फॅनिन मात्र शेवटपर्यंत बोलिंग ग्रीनमध्येच राहिला आणि तिथूनच एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत तिसऱ्या फेरीत निवडला गेला. असा खेळाडू आता विरळाच.

एप्रिल २०२१ मध्ये एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये एकदाच ही अटही गेली, आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले, ज्याची पहिल्या वर्षाची मर्यादा सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. फुटबॉलच्या संघात १०५ खेळाडूंचीच मर्यादाही त्याच वेळी आली. या दोन्ही मर्यादा एकत्र पाहिल्या तर पडेल संघाला टाइट एंडच्या जागेवर तीन-चार जण ठेवून त्यांतून कोणी घडेल अशी वाट पाहणे परवडत नाही, हे लक्षात येते.

आणखी एक बदल मला याहून महत्त्वाचा वाटतो, पण त्याची चर्चा कमी होते. २०२६ पासून वसंतातली खिडकी, म्हणजे पोर्टलमध्ये नाव घालण्याची मुदत, बंद झाली आणि २ ते १६ जानेवारी एवढाच एक कालावधी उरला, त्यामुळे कोझिओल ज्या वाटेने विस्कॉन्सिनहून ह्यूस्टनला आला ती वाट आता उरलेली नाही. प्रशिक्षकाला पोर्टल उघडल्यापासून दोन आठवड्यांत, आपल्या मैदानावर एकही सराव न पाहता, निव्वळ चित्रफितींवरून ठरवावे लागते की समोरच्या विद्यापीठाचा हा उंच मुलगा तिसऱ्या प्रयत्नाला (दहा यार्ड जायला चारच प्रयत्न मिळतात) एक यार्ड हवा असताना, चेंडू दुसऱ्याच बाजूने जाणार हे ठाऊक असूनही, आपल्या समोरच्याला शिट्टी वाजेपर्यंत ढकलत राहतो की दोन पावलांनंतर सोडून देतो. ज्यांच्या कार्यालयात डिसेंबरभर बसून हे डाव पाहणारा कोणी नाही, ते जानेवारीत झेलांची यादीच उघडतील.