पुराच्या कथेत भीती किती वाजता येते?

बेलापूर, आषाढ अमावास्या

दिवाळी अंकांसाठी कथा लिहायचे हे दिवस, त्यामुळे कथांत पूर हटकून येतो. आणि पाणी उंबरठ्याला लागायच्या आत पात्रं किंचाळू लागतात.

माणसं अशी वागत नाहीत. आधी कुणाला खरंच वाटत नाही. शेजारी विचारतात, "तुमच्याकडे लाइट आहेत का?" कुणी स्कूटर चढावर लावून येतं, कुणी दुधाच्या जादा पिशव्या आणतं. आपत्तीत लोक कसे वागतात याचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या ई. एल. क्वारँटेली यांचं म्हणणं हेच होतं: सैरावैरा पळापळ विरळाच, लोक एकमेकांना विचारून खात्री करून घेतात. त्यात वेळ जातो आणि कधीकधी तोच जिवावर बेततो. कथेचा ताण इथे आहे, किंकाळीत नाही.

दुसरं म्हणजे भीतीला घड्याळ लागतं. नवी मुंबईचा बराच भाग खाडीत भराव टाकून उभा राहिला. पावसाचं पाणी साठवायला सिडकोनं धारण तलाव बांधले, त्यांच्या तोंडाशी झडपा. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की झडप मिटते, ओहोटीला उघडते. म्हणजे भरती चढत असताना धो धो पाऊस पडला तर पाण्याला जायला वाट नाही. अमावास्या-पौर्णिमेला इथली मोठी भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास आणि पुन्हा मध्यरात्रीनंतर येते. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. बेलापूरमधली मुरलेली बाई दुपारी दोनला घाबरणार नाही, ती भरतीचं वेळापत्रक बघेल. तिची गाळण उडेल ती ओहोटी लागूनही पाणी हटत नाही तेव्हा. लेखकाला ही वेळ माहीत नसेल तर तो तिला चुकीच्या तासाला रडवतो.

पाण्याची उंची फुटांत सांगू नये. "प्लगापर्यंत आलं", "ओट्याला लागलं" असं घरातली माणसं बोलतात. फ्रिज तरंगून आडवा होतो. भरलेलं सिलिंडरसुद्धा तरंगतं: 14.2 किलो गॅस, वर पंधरा-सोळा किलोंची टाकी, पण आतली जागाच 33 लिटरच्या आसपास, म्हणजे त्यानं बाजूला सारलेलं पाणी त्याच्याहून जड, म्हणून पाणी त्याला उचलतं. शेगडीची नळी ताणली जाते. अशा वेळी रेग्युलेटर काढायला वाकलेल्या माणसाला स्वगत सुचत नाही.

किल्लारीच्या भूकंपाचं घड्याळ वेगळं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या आधी, गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली. जाड दगडी भिंती, वर मातीचं माळवद. काही सेकंदांत सगळं खाली. तिथे भीतीला आधी जागाच नव्हती, ती नंतर आली. अशा पात्राला कथेत पक्क्या छपराखाली झोप लागू नये, आणि त्याचं कारण त्यानं कुणाला सांगू नये.

रडणं बहुधा उशिरा येतं आणि भलत्याच गोष्टीवर. माणूस गेल्याच्या बातमीला कोरडे राहिलेले डोळे दोरीवर वाळत घातलेलं, शाई फुटलेलं रेशनकार्ड बघून भरतात. पुढे महिनाभर चिडचिड असते: पंचनाम्याला कुणी येत नाही, आलं की कागद मागतं, ते कागद भिजलेले. कथांमध्ये ही चिडचिड फार कमी दिसते. पाणी ओसरलं की लेखक पात्रांना घाईघाईनं शहाणी करतात आणि पंचनाम्याच्या आधीच कथा संपवतात.