नळ्यांतलं पाणी गोठलं तर

मंगळवार, रात्र

दुपारपासून पाऊस धरून बसलाय. गाडी अंगणात माडाखाली उभी, आणि झावळ्यांवरचं पाणी टपावरच्या सोलर पॅनेलवर टपटप वाजतंय. दुपारी झोपायला आडवा झालो तेवढ्यात फोन आला. गाडीची तीन वर्षांची वॉरंटी ३० जूनला संपते, त्याआधी एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली नाही तर पुढे घेता येणार नाही. दोन वर्षांचे ३१,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६,५८०. मुलगी गोड बोलत होती.

हे झालं इंजिन-चासीचं. आमची कॅम्पर व्हॅन म्हणजे दोन लग्नांतली मुलं एका घरात. खालची गाडी एका कंपनीची, आतलं घर पुण्याच्या एका कारखान्याने बांधलेलं: पलंग, ओटा, फ्रीज, संडास. या घरवाल्यांचाही ईमेल येऊन पडलाय. त्यांच्या प्लॅनचे दोन वर्षांचे ६८,०००, जीएसटी धरून ८०,२४०. दोन्ही मिळून १,१६,८२०.

आकडा ऐकून ही म्हणाली, "एवढ्यात माझ्या दोन्ही गुडघ्यांची फिजिओथेरपी होईल." मग थोड्या वेळाने, "पण घाटात बंद पडली तर कोण येणार?"

निवृत्त झालो तेव्हा फंडाच्या पैशांतून ही गाडी घेतली. नातेवाईक हसले. घर असताना गाडीत कोण झोपतं? हसणाऱ्यांपैकी चौघे गेल्या चवथीला घरात जागा नाही म्हणून गाडीतच झोपले आणि सकाळी एसी थंड नव्हता अशी तक्रार करून गेले.

बुधवार

चार पानं, बारीक अक्षर. नोकरीत आयुष्यभर ठेक्यांची कागदपत्रं वाचली, त्यामुळे सवय आहे. आधी काय मिळणार ते वाचायचं नाही, काय मिळणार नाही ते वाचायचं.

घरवाल्यांच्या प्लॅनमध्ये काय मिळणार नाही? सील, गॅस्केट, रबर. झिजणारं सगळं. ओल, बुरशी, गंज. उंदीर-घुशींनी केलेलं नुकसान. फ्रीज, इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी, कारण त्यांची त्यांच्या कंपन्यांची वेगळी वॉरंटी आहे. आणि सातव्या कलमात: पाण्याच्या नळ्यांतलं पाणी गोठून झालेली फूटतूट.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात! मी हे कलम हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती आळसांदे निवडत होती. म्हणाली, "म्हणजे बाकीचं सगळं गोठलं तरी चालेल?"

मग मिळणार काय त्याची यादी पाहिली, तर त्यात बाजूला सरकणारी भिंत, गाडी समतल करणारे हायड्रॉलिक जॅक आणि गॅसवर चालणारी भट्टी. आमच्या गाडीत यातलं एकही नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हा कागद कुणीतरी अमेरिकेतल्या मोटरहोमचा उचलून, नाव-पत्ता बदलून छापलाय. तिकडच्या गाड्यांना स्लाइड-आउट असतात, हिवाळ्यात भट्टी लागते, पाणी गोठतं. भाचा मिशिगनला असतो, त्याला रात्री फोन लावला. तो म्हणाला, "मामा, आम्ही थंडी पडायच्या आधी नळ्यांतलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरतो, नाहीतर नळ फुटतो." मी म्हटलं, आम्ही पाऊस यायच्या आधी छपरावर सिलिकॉन लावतो, नाहीतर प्लायवूड फुगतं.

खरं तर गोव्यात या गाड्यांचा एकच शत्रू, ओल. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जून ते सप्टेंबर कपाटं उघडी ठेवायची, आत कापराच्या वड्या ठेवायच्या, आठवड्यातून दोनदा पंखे लावायचे. कारखान्याने आयएस ७१० चं मरीन प्लायवूड वापरलंय म्हणून ठीक, तरी पलंगाखालच्या फळीच्या कडेला पहिल्याच पावसाळ्यात काळी रेघ आली. आणि नेमकी ओलच प्लॅनच्या बाहेर.

शेवटच्या पानावर दोन ओळी. दर तक्रारीला पहिले २,५०० रुपये आपले. आणि गाडी दुरुस्तीला पुण्याच्या कारखान्यात स्वतःच्या खर्चाने पोचवायची. इथून पुणे जाऊन-येऊन शंभर लिटर डिझेल. शंभर लिटर जाळून कपाटाची बिजागरी फुकट बसवून घ्यायची.

गुरुवार

वही काढली. गाडीचा पै-पैचा खर्च मी लिहून ठेवतो. तीन वर्षांतली मोडतोड अशी: पाण्याच्या पंपाचा प्रेशर स्विच १,४००. संडासाच्या टाकीचं सील ९५०. छपराच्या झरोक्यातून गळती, मजुरीसकट ३,२००. स्टार्टरची बॅटरी ८,६००. वायपर १,१००. खणाची कडी ४५०. धुरात युरियाचं पाणी फवारणाऱ्या इंजेक्टरची सफाई ६,५००. इन्व्हर्टरचा पंखा १,२५०. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी ४,७००. एकूण २८,१५०.

आता ही यादी प्लॅनच्या कागदाशेजारी ठेवली. घरवाल्यांकडून मिळालं असतं ते फक्त प्रेशर स्विचचं, आणि तेही नाही, कारण १,४०० हे २,५०० च्या आतले. चासीवाल्यांकडून काहीच नाही. तीन वर्षांत इंजिन-गिअरबॉक्सने मागितलं ते फक्त ऑइल आणि फिल्टर.

विजयी मुद्रेने वही हिच्यापुढे ठेवली. तिने चष्मा लावून सगळं वाचलं. "यात फक्त घडलेलं आहे," ती म्हणाली. "न घडलेलं कुठे लिहिलंय?"

वही मिटली.

शुक्रवार

सर्व्हिस सेंटरला जाऊन आलो. सल्लागार तिशीचा मुलगा, नम्र. सांगितलं, टर्बो, इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, ईसीयू म्हणजे इंजिनचा संगणक, गिअरबॉक्स, सगळं प्लॅनमध्ये येतं. क्लच प्लेट, ब्रेक, बेल्ट, होज, बॅटरी येत नाही. सर्व्हिस वेळेवर आणि अधिकृत ठिकाणीच झालेली पाहिजे, किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते. आमचे महिनेच आधी होतात. गाडी विकली तर प्लॅन नव्या मालकाच्या नावावर होतो, हेही बरं.

मी विचारलं, डीपीएफ चोक झाला तर? तो हसला. "सर, तो वापरण्यावर आहे."

याचं थोडं लिहून ठेवतो, कारण आमच्यासारख्यांना हे आधी कुणी सांगत नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर गाळणी असते, काजळी अडवणारी, तीच ही डीपीएफ. ती काजळी जाळून टाकायला गाडी चांगली तापून सलग वीसेक मिनिटं तरी वेगात धावावी लागते. आम्ही काय करतो? चार महिने अंगणात उभी, मग भाजी आणायला फोंड्यापर्यंत. म्हणजे गाळणी भरणारच. तीच गत युरियाची. टाकीत असतं ते ३२.५ टक्के युरियाचं पाणी; गाडी उभी राहिली की तोंडाशी सुकतं आणि साखरेसारखे पांढरे खडे धरतात. वहीतले ६,५०० ते हे. वॉरंटी चालू असतानाही मीच भरले होते आणि तेव्हा भांडलोही होतो. आज वाटलं, तो मुलगा बरोबर होता.

आमचा जुना मेकॅनिक तर पहिल्या वर्षापासून सांगतोय, "गाडी वापरुंक जाय, उबी दवरल्यार कुसता." म्हणजे वापरली पाहिजे, उभी ठेवली तर कुजते. त्याला प्लॅनचं विचारलं तर खांदे उडवले. इंजिन उघडायला लॅपटॉप लागतो, तो त्याच्याकडे नाही. हे त्याने सरळ कबूल केलं, आणि माझ्या मते आठवडाभरात मिळालेला हाच सगळ्यांत कामाचा सल्ला.

निघताना सल्लागाराने बॉनेट उघडून फोटो काढायला घेतले. प्लॅन द्यायच्या आधी तपासणी असते. फ्यूज बॉक्सपाशी थांबला. "सर, ही वायर कुणी ओढली?"

मी. पहिल्याच उन्हाळ्यात, पलंगावर जास्तीचा पंखा लावण्यासाठी. अडीच स्क्वेअर एमएमची वायर, लग दाबून बसवलेले, फ्यूज वेगळा. उभी हयात विजेत गेली माझी. तो म्हणाला, काम उत्तम आहे सर, पण कागदावर याला अनधिकृत फेरफार म्हणतात. उद्या ईसीयू गेला तर कंपनी पहिलं बोट या वायरीवर ठेवेल. काढून आणा, मग पुन्हा फोटो घेतो.

घरी येईपर्यंत मी कुणाशी बोललो नाही. रात्री भाच्याला सांगितलं तर तो तावातावाने म्हणाला, इथे १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे, आमचाच पार्ट वापरा अशी अट घालून वॉरंटी सहसा अडवता येत नाही. म्हटलं बाबा रे, तो कायदा तुझ्याकडे. माझ्याकडे हा मुलगा आणि त्याचा मोबाइल.

शनिवार

पावसाने उघडीप दिली तेव्हा वायर काढायला बसलो. आणि काढताना कळलं.

पंखा मी स्टार्टरच्या बॅटरीवर जोडला होता. घरासाठी वेगळी दोनशे ॲम्पियर-अवरची लिथियम बॅटरी पलंगाखाली आहे, तिच्यावर नाही. का, तर पुढून वायर ओढणं सोपं होतं. म्हणजे गाडी उभी असताना रात्र रात्र पंखा चालायचा तो इंजिन सुरू करायच्या बॅटरीवर. लेड-ॲसिड बॅटरी अशी पुनःपुन्हा उतरवली की मरते, हे मी कनिष्ठांना वर्षानुवर्षं शिकवलंय. वहीतले ८,६०० कुणाच्या नावावर टाकायचे ते आता ठरलं.

ही गोष्ट हिला अजून सांगितलेली नाही. ती इथे वाचेलच.

पंखा आता लिथियमवर आहे. दोन तास लागले, पाठ धरली.

रविवार

मुलीचा बेंगळुरूहून फोन. "बाबा, इन्शुरन्स आहे ना, मग हे कशाला?" तिला समजावलं की विमा अपघाताचा, चोरीचा, पुराचा. आपोआप बिघडलेलं विमा देत नाही. पुरातसुद्धा पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला जाऊन इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर वेगळं इंजिन प्रोटेक्ट घेतलेलं लागतं. ते आम्ही घेतलंय. ती म्हणाली, "मग घेऊन टाका सगळं, टेन्शन नको." तिच्या पगारात टेन्शन स्वस्त पडतं.

दुपारी माशाचं जेवण झाल्यावर हिच्याशी नीट बोललो. ती मुद्द्याचं बोलते. म्हणाली, घरातलं काय बिघडलं तर तुम्ही स्क्रू ड्रायव्हर घेऊन आनंदाने बसता, मला दिसतंय ना. पंप, नळ, खण, दिवे. ते बिघडलं तरी आपण कुठल्यातरी देवळाच्या धर्मशाळेत रात्र काढू. पण चोर्ल्याच्या घाटात इंजिन बंद पडलं, भोवती धुकं आणि मागे ट्रकांची रांग, तर तुम्ही काय करणार? लॅपटॉप आहे तुमच्याकडे?

नाही.

मग मी माझ्या मनातलं सांगितलं. घरवाल्यांचा प्लॅन घेतला असता तर त्याच्या भीतीने मी स्वतः स्क्रू काढणंही बंद केलं असतं. फेरफार नको, पुण्याला विचारा, फोटो पाठवा. गाडी घेतली तीच मुळी हात काळे करायला. हे ऐकून ती हसली. आठ हजार सहाशेचं तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, पण धीर झाला नाही.

ठरलं. चासीचा प्लॅन घ्यायचा. घराचा नाही. घराचे ८०,२४० मात्र वाचले असं समजून उडवायचे नाहीत, ही तिची अट. बँकेत महिना ३,३०० ची दोन वर्षांची आरडी, गाडीच्या नावाने. पंप गेला, झरोका गळला, त्यातून काढायचं. मी म्हटलं, उरले तर? "गुडघे," ती म्हणाली.

मंगळवार

३६,५८० भरले. पोरगा पुन्हा फोटो काढायला वाकला, फ्यूज बॉक्स पाहिला आणि अंगठा दाखवला. मला उगाच शाळेतली वही तपासून मिळाल्यासारखं वाटलं. पावती, प्लॅनचा नंबर आणि रस्त्यावरच्या मदतीचा फोन नंबर तीन ठिकाणी लिहून ठेवले. एक ड्रायव्हरच्या सन व्हायझरला, एक हिच्या पर्समध्ये, तिसरी जागा इथे सांगत नाही.

आरडीही उघडली. बँकेतल्या बाईंनी उद्देश विचारला, मी "घरदुरुस्ती" सांगितलं.

गेले आठ दिवस गाडी जेमतेम फोंड्यापर्यंत गेलीय. गाळणी जाळायची म्हणजे सलग पळवायला हवी, तेव्हा उद्या सकाळी लवकर मोलेपर्यंत जाऊन यायचं ठरवलं. मी म्हटलं, तासाभरात परत. ही म्हणते, एवढं मोल्याला जातोय तर पुढे तांबडी सुर्लाच्या महादेवाला जाऊ, कदंबांच्या काळातलं देऊळ पावसात पाहिलेलं नाही. तिने थर्मास काढून ठेवलाय आणि पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, दोन पाव जास्त सांगितलेत. मी जाऊन पाण्याची टाकी भरून आलो.