ती रडकी गाणी अजून का ऐकतो, तुम्ही विचारलंत म्हणून

गिटार शिकायला येणारी मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, आणि माझ्या वयाचे मित्र तर हमखास विचारतात: चाळिशी उलटली, केस पिकायला लागले, तरी तुम्ही ती रडकी, किंचाळणारी गाणी अजून कशी काय ऐकता? रोख असतो इमो आणि पॉप पंक या, पंक रॉकमधून निघालेल्या दोन सख्ख्या प्रकारांवर: इमो मनातलं उघडंवाघडं मांडणारा, पॉप पंक चटकन तोंडात बसणाऱ्या चालींचा. गेल्या पावसाळ्यात मी यातले महत्त्वाचे अल्बम क्रमाने, एकही गाणं न गाळता, पुन्हा ऐकून काढले. तेव्हा आता सविस्तर सांगतो.

आमच्याकडे हे संगीत पोचलं ते हॉस्टेलच्या लॅनवरून. पुण्यात, दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला. कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर फोल्डर असायचा, तो रात्रभर कॉपी व्हायचा, आणि मग आम्ही आपापल्या हेडफोनमध्ये एकेकटे ऐकत बसायचो. बँड कुठले, कुठे वाजतात, समोर कोण असतं, काहीच डोळ्यांपुढे नव्हतं. त्यामुळे हे एकट्याने ऐकायचं संगीत आहे अशीच आमची समजूत. पुढे त्यामागचा इतिहास वाचत गेलो, जुनी चित्रणं पाहिली, आणि कळलं की ही तर खच्चून भरलेल्या खोल्यांमधली गाणी आहेत. माझं सगळं उत्तर या खोल्यांमध्ये आहे.

अमेरिकेत दारू पिण्याचं किमान वय एकवीस. जी राज्यं ते पाळणार नाहीत त्यांच्या महामार्गांच्या निधीला कात्री लावायची, असा कायदा तिथल्या केंद्र सरकारने १९८४ साली केला. रॉक बँड वाजतात बारमध्ये आणि बार चालतो दारूवर. म्हणजे ज्या वयात हे संगीत जिवाला भिडतं, नेमक्या त्याच वयाच्या पोरांना दारात अडवणार. अशी अडवणूक या कायद्याआधीही होतीच, आणि वॉशिंग्टनच्या टीन आयडल्स या बँडने १९८० मध्येच त्यावरचा एक तोडगा आपल्या गावात आणला होता. अल्पवयीन मुलांच्या हातांवर काळ्या मार्करने मोठी फुली मारायची. फुलीवाल्याला आत सोडा, पण दारू देऊ नका. जिथे एवढंही जमत नसे तिथे पोरांनी स्वतःच जागा शोधल्या: आईबाबांचं गॅरेज, चर्चचा हॉल, निवृत्त सैनिकांच्या संघटनेचा हॉल, आणि भाड्याच्या घरांची तळघरं. न्यू जर्सीत न्यू ब्रन्सविकला रट्गर्स विद्यापीठाच्या आसपासच्या अशा तळघरांमधूनच थर्सडे हा बँड वर आला आणि २००१ मध्ये त्यांचा ‘फुल कोलॅप्स’ निघाला.

तळघरात स्टेज नसतं. गायक आणि ऐकणारा यांच्यात हातभर अंतर. आवाजाची यंत्रणा अशी की गाणाऱ्याला स्वतःचा सूर धड ऐकू येत नाही, म्हणून तो घसा ताणतो. समोरची पोरं माइकवर झेपावून ओळी ओरडतात, म्हणून कोरस असा रचावा लागतो की दुसऱ्यांदा आला की तोंडात बसलाच पाहिजे. ज्याला आपण रडणं म्हणतो, त्यातलं निम्मं तरी त्या खोलीत ऐकू जावं म्हणून केलेला आकांत आहे.

इमोची सुरुवात राइट्स ऑफ स्प्रिंग या बँडपासून धरतात. वॉशिंग्टनमध्ये हार्डकोर पंकच्या, म्हणजे पंकच्या अधिक वेगवान, आक्रमक प्रकाराच्या कार्यक्रमांत मारामाऱ्या फार वाढल्या होत्या. त्याला कंटाळलेल्या त्याच वर्तुळातल्या मुलामुलींनी १९८५ चा उन्हाळा वेगळ्या वळणावर नेला. नवे बँड उभे राहिले, दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर वर्णभेदाविरुद्ध ढोल-डबे बडवून निदर्शनं झाली. त्याच वर्षी डिस्कॉर्ड लेबलवर, म्हणजे त्या नावाच्या रेकॉर्ड कंपनीकडून, राइट्स ऑफ स्प्रिंगचा अल्बम आला. तोही ध्वनिमुद्रित झाला एका घराच्या तळघरातच, डॉन झिएंटाराच्या इनर इअर स्टुडिओत. त्यांचा गायक गाय पिचिओटो गातो तेव्हा वाक्याच्या शेवटी आवाज फाटतो आणि तो फाटू देतो. रागीट संगीतात हताशपणा उघड मांडायला तेव्हा किती धाडस लागलं असेल! या प्रकाराला कोणीतरी इमोकोर, म्हणजे भावनिक (इमोशनल) हार्डकोर, म्हणायला लागलं. त्या अल्बमचा निर्माता इयन मॅकायने ते नाव स्टेजवरूनच धुडकावलं होतं, आणि पुढेही या प्रकारातल्या बहुतेक बँडांनी ते कधी मनापासून स्वीकारलं नाही. चिकटायचं ते चिकटलंच.

पॉप पंकची वाट कॅलिफोर्नियातून येते. डिसेंडेंट्स या बँडचा १९८२ चा पहिला अल्बम गायक मायलो कॉलेजला चालला म्हणून ‘मायलो गोज टू कॉलेज’ झाला, आणि तो खरोखरच जीवशास्त्र शिकायला गेला. मग बर्कलीतला ९२४ गिलमन. १९८६ च्या शेवटच्या रात्री सुरू झालेला, स्वयंसेवकांनी चालवलेला क्लब. दारू नाही, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, बायकांची हेटाळणी नाही, आणि मोठ्या कंपनीशी करार केलेला बँड तर मुळीच नाही. ग्रीन डे हा बँड इथेच घडला आणि मोठ्या कंपनीकडे गेल्यावर त्याला इथेच दार बंद झालं. १९९४ मध्ये आलेला ‘डूकी’ एकट्या अमेरिकेत एक कोटीहून जास्त खपला. गिलमनच्या स्टेजवर पुन्हा पाय ठेवायला त्यांना २०१५ उजाडलं. हा नियम मला कडक वाटतो, पण अन्याय वाटत नाही. तो नसता तर ती जागा केव्हाच मोठ्या कंपन्यांच्या माणसांची मुलाखतीची खोली झाली असती.

या नियमाची खरी किंमत मोजली ती जॉब्रेकरने. या बँडवर माझा विशेष जीव आहे. गायक ब्लेक श्वार्झेनबाखच्या घशात गाठ झाली होती, शस्त्रक्रिया करावी लागली. खरखरीत आवाजातला ‘२४ अवर रिव्हेंज थेरपी’ १९९४ साली आला आणि तळघरांमधल्या पोरांनी तो पाठ केला. आपण मोठ्या कंपनीत जाणार नाही असं हे लोक सांगत होते. मग गेले. १९९५ चा ‘डियर यू’ गुळगुळीत होता, आवाज साफ होता, आणि चाहत्यांना तो विश्वासघात वाटला. त्यांच्या कार्यक्रमांत लोक स्टेजकडे पाठ फिरवून बसायचे. पुढच्याच वर्षी बँड फुटला. आता ऐकताना माझं स्पष्ट मत असं आहे की ‘डियर यू’ हाच त्यांचा सर्वांत धीट अल्बम. ओरडायची सोय नाही म्हटल्यावर माणूस हळू बोलतो आणि हळू बोलताना खोटं लपत नाही. २०१७ मध्ये शिकागोच्या रायट फेस्टमध्ये ते एकत्र आले, तेव्हा सारं मैदान त्यांच्याबरोबर गात होतं.

आता १९९९. माझ्या लेखी हे या संगीताचं सर्वांत श्रीमंत वर्ष. ब्लिंक-१८२ चा ‘एनिमा ऑफ द स्टेट’ त्याच वर्षीचा, आणि त्यातले ट्रॅव्हिस बार्करचे ड्रम आजही मी विद्यार्थ्यांना ऐकवतो. पण मला थांबायचंय ते अमेरिकन फुटबॉल नावाच्या बँडपाशी.

इलिनॉय विद्यापीठाच्या गावातली तीन कॉलेजची पोरं. एकच अल्बम केला आणि शिक्षण संपत आलं तसा बँडही संपवला. मुखपृष्ठावर अर्बानातल्या एका घराची रात्रीची खिडकी. यातल्या पहिल्या गाण्यासाठी गिटारच्या तारा नेहमीसारख्या लावत नाहीत. जाड तारेपासून बारीक तारेकडे एफ, ए, सी, जी, सी, ई. एफला षड्ज माना: सा, ग, प, रे, प, नी. डावा हात न लावता नुसत्या तारा छेडल्या तरी एक मोकळा, गोड स्वरसमूह उमटतो, पण सर्वांत वरची तार शुद्ध निषादावर अडकलेली. वरचा सा समोर दिसतो आणि लागत नाही. अख्ख्या गाण्यातली हुरहूर इथे, तारा पिळतानाच तयार झालेली असते. त्यावर माइक किन्सेला आणि स्टीव्ह होम्स यांच्या दोन गिटारी, दोन्ही बोटांनी छेडलेल्या, एकीच्या फटीत दुसरी. अल्बमभर मात्रांचं गणित सरळ चारात बसत नाही. ड्रम वाजवणारा स्टीव्ह लॅमोस मधेच ट्रम्पेट घेतो. शब्द मोजके आणि तेही कॉलेजातल्या निरोपांचे. विशीत मी ते शब्द ऐकायचो, आता तो निषाद ऐकतो. विद्यार्थ्याला या पद्धतीने गिटार लावून दिली की पहिल्या छेडीला तो दचकून वर बघतो. पंधरा वर्षांनी हा अल्बम पुन्हा निघाला, बँड परत एकत्र आला, आणि ते घर पाडलं जाऊ नये म्हणून लेबल आणि बँडच्या लोकांनी मिळून २०२३ मध्ये विकत घेतलं.

त्याच साली जिमी ईट वर्ल्डचा ‘क्लॅरिटी’ आला. ॲरिझोनातल्या मेसा गावची पोरं. शेवटचं गाणं सोळा मिनिटांचं, एकावर एक रचत नेलेल्या आवाजांचं. कंपनीला त्यात पैसा दिसला नाही, करार संपला. पुढचा अल्बम त्यांनी पदरच्या पैशाने रेकॉर्ड केला. तो ‘ब्लीड अमेरिकन’ जुलै २००१ मध्ये आला, सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर नुसत्या बँडच्या नावाने विकला गेला आणि घराघरांत पोचला.

तुमच्या प्रश्नाला सर्वांत नेमकं उत्तर मात्र टेकिंग बॅक संडे या बँडच्या ‘टेल ऑल युअर फ्रेंड्स’मध्ये सापडतं. लाँग आयलंड, मार्च २००२. दोन गायक: ॲडम लझारा आणि जॉन नोलन. आपल्या तमाशातल्या सवाल-जवाबात एक फड थांबतो तेव्हा दुसरा बोलतो. इथे दुसरा थांबतच नाही. एकाची ओळ अर्ध्यात असताना दुसऱ्याची सुरू, दोघांचे शब्द वेगळे, सूर वेगळे, आणि कोरसला दोन्ही एकमेकांत घुसतात. भांडण कागदावर लिहायचं तर एकाखाली एक लिहावं लागतं. खरं भांडण असंच एकाच वेळी दोन्ही बाजूंनी होतं. गर्दीतल्या प्रत्येकाला आपली बाजू निवडून ओरडायची मुभा मिळते, खोली दुभंगते आणि शेवटी एका ओळीवर एक होते. हेडफोनवर एकट्याने ऐकताना नेमकी हीच गोष्ट निसटते.

एक गोष्ट मात्र पुन्हा ऐकताना फार टोचली. अल्बममागून अल्बम मुलगी गाण्यात आहे, माइकसमोर नाही. तिने दगा दिला, ती निघून गेली, तिला याची शिक्षा मिळो. तिची बाजू कोणी विचारतच नाही. जेसिका हॉपरने २००३ मध्ये ‘पंक प्लॅनेट’ मासिकात नेमकं हेच विचारलं होतं: या संगीतात मुली आहेत कुठे? पुढे या वर्तुळातल्या काही गायकांवर कोवळ्या वयाच्या चाहत्या मुलींशी वागण्यावरून गंभीर आरोप झाले, तेव्हा तो लेख किती आधी लिहिला गेला होता हे जाणवलं. बांधणी सुंदर आहे म्हणून मी यावर पांघरूण घालणार नाही. मुलींना ही गाणी शिकवताना शब्दांबद्दल बोलतो, मग पॅरामोर या बँडचा २००७ चा ‘रायट!’ लावतो. त्यांची गायिका हेली विल्यम्स तेव्हा अठरा वर्षांची होती. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात दुसऱ्या मुलीला हिणवणारी ओळ होती. ती पटेनाशी झाल्यावर हेलीने ते गाणं २०१८ मध्ये कार्यक्रमांतून काढलं आणि २०२२ मध्ये परत आणलं. स्वतःच्या अठराव्या वर्षाशी इतक्या उघडपणे वाद घालणारे गायक मला फार भेटलेले नाहीत.

माय केमिकल रोमान्स या बँडबद्दल मुलं सर्वांत जास्त विचारतात, म्हणून थोडक्यात. त्यांचा गायक जेरार्ड वे याने न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे पडताना पाहिले आणि त्यानंतर बँड काढला. पहिल्या अल्बमचा निर्माता थर्सडेचा गायक जेफ रिकली, म्हणजे नाळ तळघराशीच. २००४ चा ‘थ्री चीअर्स फॉर स्वीट रिव्हेंज’ आजीच्या मृत्यूच्या छायेतला. २००६ चा ‘द ब्लॅक परेड’ मरणाऱ्या माणसाची कथा सांगतो, आणि त्याचा एक निर्माता रॉब कॅव्हॅलो, ज्याने ‘डूकी’ही केला होता. त्यातल्या मुख्य गाण्याच्या सुरुवातीचा पियानोचा एकच स्वर वाजला की हजारोंचं मैदान ओरडतं. एका स्वरावर! तळघरातली सवय स्टेडियमपर्यंत गेली ती अशी.

मार्च २०२५ मध्ये ग्रीन डे पहिल्यांदा भारतात आला, महालक्ष्मी रेसकोर्सवर, लोलापलूझा या संगीत महोत्सवाला. मी होतो. ‘डूकी’ आला तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी पोरं माझ्या दोन्ही बाजूंना घसा फोडून गात होती, आणि मीही. इतकी वर्षं हेडफोनमध्ये ऐकलेली गाणी तिथे पहिल्यांदा सगळ्यांबरोबर तोंडातून निघाली. म्हणून ऐकतो.

ऐकून बघायचं असेल तर ‘क्लॅरिटी’ने सुरू करा, तो कोणालाही आत घेतो. मग ‘डूकी’ आणि ‘टेल ऑल युअर फ्रेंड्स’, हे दोन्ही मात्र कोणाला तरी बरोबर घेऊन, स्पीकरवर. राइट्स ऑफ स्प्रिंग त्यानंतर ऐका. त्याचा खडबडीतपणा पहिल्याच दिवशी अंगावर घेण्यात अर्थ नाही. अमेरिकन फुटबॉल रात्री, आणि घरात गिटार असेल तर तारा आधीच लावून ठेवा.