जुनी बोलेरो अजून का ठेवलीय? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो

कराडात महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतंच, की अजून तीच बोलेरो का, आणि रविवारी सकाळी तू तिच्याखाली झोपलेला का असतोस, गावात मेकॅनिक नाहीत का. आहेत की, चांगले आहेत, त्यातल्या एकाच्या गॅरेजमध्ये उभं राहून राहूनच मी शिकलो. पण उत्तर दोन वाक्यांत बसत नाही म्हणून आज नीट लिहितो.

गाडी २००७ ची, अण्णांनी घेतलेली, म्हणजे वडिलांनी. नाशिकला बनलेली, अडीच लिटरचं डिझेल इंजिन, मेकॅनिकल पंप, चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा वेगळा, बॉडी वेगळी, मागे स्प्रिंगचे पाटे. ताईची पाठवणी हिच्यातून झाली, माझी दोन्ही पोरं दवाखान्यातून घरी आली ती हिच्यातून. जीव आहेच तिच्यावर, ते लपवत नाही. पण नुसत्या जीवावर गाडी चालत नाही, आणि खरं सांगायचं तर २०१८ पर्यंत मला बॉनेट उघडून पाणी बघण्यापलीकडे काही येत नव्हतं.

त्या पावसाळ्यात आम्ही आत्याकडून चिपळूणवरून परत येत होतो, आई, बायको, पोरं सगळी गाडीत. महिनाभर आधीपासून सकाळी सेल्फ जरा जास्त मारावा लागायचा, आम्हाला वाटलं बॅटरी गेली म्हणून नवी टाकली, तरी तेच. कुंभार्ली घाट चढताना गाडी आचके द्यायला लागली, पिकअप गेला आणि एका वळणाच्या थोडं पुढं बंदच पडली. धुकं इतकं की मागनं येणारी गाडी अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नव्हती. आईनं नातवाचा हात घट्ट धरलेला मला अजून आठवतो. एक ट्रकवाले काका थांबले, त्यांनी डिझेल फिल्टरवरचा हँड पंप दाबून बघितला, तो मऊ, पोकळ लागत होता. म्हणाले, "हवा धरलीया." फिल्टरचा ब्लीडिंगचा, म्हणजे हवा काढायचा स्क्रू थोडा ढिला केला, पंप मारत राहिले, आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल, लगेच स्क्रू आवळला आणि मला म्हणाले मार सेल्फ. गाडी चालू झाली. पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाले, "कुठनं तरी हवा ओढतीय, घरी गेल्यावर पायपा बघून घे."

घरी आल्यावर त्या एका वाक्यानं मला झोप लागू दिली नाही. डिझेल दाबलं तर दबत नाही, हवा दबते, त्यामुळे लाईनमध्ये हवा शिरली की पंपाचा सगळा जोर त्या हवेवरच जातो आणि इंजिनात डिझेल फवारणारा इंजेक्टर उघडत नाही. टाकी खाली आणि पंप वर, म्हणजे डिझेल ओढून घेतलं जातं, त्यामुळे चीर असली तरी बाहेर डिझेल गळेलच असं नाही, आत हवा मात्र शिरते. म्हणूनच गाडीखाली जमीन कोरडी आणि आपण शोधतोय बॅटरीत. गॅरेजवाल्या दादांनी एक युक्ती सांगितली, मधे वीतभर पारदर्शक पाईप जोड आणि इंजिन चालू करून बघ, बुडबुडे दिसले तर चीर त्याच्या मागं, टाकीकडं आहे, नाही दिसले तर पुढं, पंपाकडं. असं करत करत सापडली, एका क्लिपच्या बरोबर खाली, बोटभर लांबीचा रबरी पाईप, अकरा वर्षं उन्हातान्हात कडक होऊन चिरलेला. बदलायला शंभर रुपये पण लागले नाहीत. आणि त्याच्यापायी माझी आई धुक्यात घाटात उभी होती.

तेव्हापासून माझं मत झालंय, जुन्या गाडीत लोखंड नाही मरत, रबर मरतं. गाडी किती किलोमीटर पळाली यावर ते नसतं, उभ्या उभ्यासुद्धा रबर म्हातारं होतं. म्हणून दरवर्षी मृग लागायच्या आधीचा एक रविवार मी फक्त रबराला देतो. रेडिएटरचे होस, म्हणजे पाण्याचे रबरी पाईप, थंड इंजिनवर दाबून बघायचे, स्पंजासारखे लागले किंवा करकरले तर काढायचे. फॅन बेल्ट उलटा करून आतल्या चिरा बघायच्या, पाट्यांचे रबरी बुश, स्टिअरिंगच्या एंडचे बूट म्हणजे रबरी टोप्या, डिझेलच्या सगळ्या पायपा. त्याच दिवशी ग्रीस गन घेऊन प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडं नेणारा दांडा) क्रॉसमध्ये, म्हणजे त्याच्या सांध्यात ग्रीस, सीलमधनं जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. पहिल्या गिअरला उचलताना खालनं टक्क आवाज आला तर तो क्रॉस बघाच, आज उद्या करू नका.

दुसरी गोष्ट अर्थिंग. हेडलाईट मंद, सेल्फ जड, हॉर्न दबलेला, आणि लोक थेट बॅटरी बदलतात, मीही बदलली होतीच. बॅटरीची मायनसची वायर बॉडीला आणि इंजिनला जिथं आवळलेली असते तिथला गंज सॅंडपेपरनं घासून परत घट्ट करा, अर्ध्या तासाचं काम आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसले तर बॅटरी चार्ज करणारा डायनामो (अल्टरनेटर) ठीक आहे.

काय करत नाही तेही सांगतो. ब्रेकला हात लावत नाही, पंप आणि इंजेक्टर उघडत नाही, क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवणं घरच्या अंगणात करत नाही. आणि नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली कधीही जाऊ नका, कधीही म्हणजे कधीही, दोन मजबूत स्टँड घ्या, चाकांना दगड लावा, मगच.

पैसे वाचतात का, तर थोडे वाचतात, पण पाने, स्टँड, मल्टिमीटर यात गेलेत पण. माझ्यासाठी मोठी गोष्ट ही की घाटात उतरायच्या आधी आई विचारते "गाडी नीट आहे ना रे?" तेव्हा मी अंदाजानं हो म्हणत नाही, कोणता पाईप कधी बदलला ते वहीत तारखेसह आहे. २०२२ ला पंधरा वर्षं भरली, पासिंगला नेली, एप्रिलपासून फी सहाशेची पाच हजार झाली होती ती भरली, गाडी तपासून पास झाली आणि पुढची पाच वर्षं मिळाली.

अण्णा आता गाडी चालवत नाहीत, डोळ्यांमुळे. पण रविवारी खुर्ची टाकून बाजूला बसतात, टॉर्च धरतात आणि मी पाना मागायच्या आधी विचारतात, "तेराचा देऊ का चौदाचा?" येत्या रविवारी रेडिएटरचा खालचा होस बदलायचाय, होस आणून ठेवलाय, कूलंट आणायचं राहिलंय.